दोन चांगल्या गोळ्यांचे भांडण

विद्यार्थी मित्रहो, नागपूर हे वारांच्या नावांचे शहर आहे. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा येथे वस्त्याच आहेत. आणि या सर्वांत गजबजलेली ती इतवारी. भांडे ओळीत भांड्यांचा खणखणाट, लोहा ओळीत लोखंडाचा, मिरची बाजारातून जाताना शिंकांचा! अशा या इतवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे औषधांचे दुकान आहे. कॉलेजातून घरी परतताना मी कधी कधी तेथे दोन मिनिटे टेकतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एक काकू दुकानात आल्या. त्यांनी तीन वस्तू मागितल्या: अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या, गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणि पोटात आग होते म्हणून पातळ पांढऱ्या औषधाची बाटली. माझ्या विद्यार्थ्याने तिन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या, पण हात बाटलीवरून काढला नाही.

“काकू, रोजची दुसरी कोणती गोळी सुरू आहे काय?” त्याने विचारले.

“आहे न एक. सरकारी दवाखान्यातली. रात्री घेते,” काकू हळू आवाजात म्हणाल्या.

त्याने त्या गोळीचे नाव विचारले नाही. तो एवढेच म्हणाला, “मग ह्या तिन्ही तिच्यासंगं एकदम नका घेऊ. दवाखान्यात ह्या दाखवा, न कोणती किती वाजता घ्यायची ते विचारून घ्या. मी चिठ्ठीवर लिहून देतो.”

काकू गेल्यावर मी विचारले, “अरे, लोह चांगले, कॅल्शियम चांगले, दवाखान्याची गोळीही चांगली. मग अडचण कसली?”

तो हसून म्हणाला, “सर, चांगल्या गोळ्यांचंच भांडण होते. धातू गोळीला पकडून ठेवते. पण हे तर तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं: विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात!”

त्या काकूंची रोजची गोळी कसली होती हे मला ठाऊक नाही, आणि ते जाणून घेण्याचा मला अधिकारही नाही. ती थायरॉइडची असेल, एखाद्या प्रतिजैविकाची असेल किंवा एचआयव्हीवरचीही असेल. या तिन्हींच्या बाबतीत त्याचा सल्ला योग्यच ठरला असता. पण या भांडणाचे सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत सुंदर उदाहरण एचआयव्हीच्या औषधात सापडते. तेच आज आपण समजावून घेऊ.

हिरडा आणि हिराकस

सुरुवात एका जुन्या प्रयोगाने करू. इतवारीतल्या एखाद्या काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा आणि हिराकस या दोन्ही वस्तू मिळतात. हिरडा म्हणजे एका झाडाचे वाळलेले फळ; हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळा. फिकट पिवळसर पाणी मिळेल. हिराकसाचा छोटा खडा दुसऱ्या पेल्यातील पाण्यात विरघळवा. त्याचा रंग अगदी फिकट हिरवा. आता ही दोन पाणी एकत्र करा. पाहता पाहता मिश्रण काळवंडते आणि हवा लागेल तसतसे अधिक काळे होते. आपल्याकडे पूर्वी अशाच रीतीने शाई करीत असत.

हे काय झाले? हिरड्यात टॅनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूंत ऑक्सिजनचे अणू जवळजवळ, शेजारी शेजारी असतात. ऑक्सिजनभोवती ऋण प्रभाराची दाटी असते आणि लोहाच्या आयनावर धन प्रभार असतो. दोन शेजारचे ऑक्सिजन लोहाच्या आयनाला दोन्ही बाजूंनी धरतात, जसा खेकडा नांगीत एखादी वस्तू पकडतो! रसायनशास्त्रज्ञांनी या पकडीला नाव दिले तेही खेकड्यावरूनच. नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून १९२० साली ‘कीलेट’ हा शब्द तयार झाला.

एका हाताने धरलेली वस्तू सुटू शकते. दोन्ही हातांनी धरलेली सहसा सुटत नाही. एक ऑक्सिजन क्षणभर सुटला तरी दुसरा धरून असतो आणि पहिला लगेच परत येतो. कीलेटचे बळ यातच आहे. चहा घेऊन लगेच लोहाची गोळी घेऊ नये असे सांगतात ते याच कारणाने. चहातही टॅनिनवर्गाची द्रव्ये असतात, ती लोहाला धरून ठेवतात आणि लोह रक्तात कमी जाते.

येथे लोह आपल्याला हवे होते आणि पकडणारा परका होता. आता याच्या उलट पाहू: पकडणारे औषधच आपल्याला हवे आहे आणि धातू मध्ये येतो आहे.

विषाणूची शिवणकला

एचआयव्ही हा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी १९८३ मध्ये शोधला. भारतात त्याचे अस्तित्व प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत (तेव्हाच्या मद्रासमध्ये) उघड झाले. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी केलेल्या रक्ततपासणीतून हा शोध लागला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. लोक या रुग्णांच्या जवळ जायला भीत असत त्या काळात त्यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने संस्था काढून रुग्णांची सेवा केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

हा विषाणू आपल्या रोगप्रतिकारक पेशींत शिरतो. त्याची आनुवंशिक माहिती आरएनएच्या रूपात असते. आत गेल्यावर तो तिची डीएनएच्या रूपात प्रत काढतो. पण नुसती प्रत पेशीत तरंगत राहिली तर तिचा उपयोग नाही. ती आपल्या पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिवली गेली पाहिजे. हे काम विषाणूचे एक विकर करते. त्याचे नाव इंटिग्रेज. शिंप्याप्रमाणे ते आधी विषाणूच्या डीएनएची टोके कातरते, मग आपल्या डीएनएला छेद देऊन ही टोके तेथे जोडून टाकते. एकदा हे ठिगळ बसले की ती पेशी जिवंत असेपर्यंत ते निघत नाही.

या शिंप्याच्या हातात सुई कोणती? मित्रहो, ती सुई धातूची आहे! इंटिग्रेजच्या कामाच्या जागी मॅग्नेशियमचे दोन आयन बसलेले असतात. ते नसतील तर कातरणेही नाही आणि जोडणेही नाही.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, हे दोन मॅग्नेशियम आयन जर दुसऱ्याच कोणी पकडून ठेवले तर? असा रेणू हवा, ज्यात ऑक्सिजनचे तीन अणू एका ओळीत, एका पातळीत असतील. मधला ऑक्सिजन दोन्ही मॅग्नेशियमना धरील आणि कडेचे दोन एकेकाला. अशी दुहेरी नांगी असलेल्या औषधांपैकी पहिले, राल्टेग्रावीर, अमेरिकेत २००७ मध्ये मान्य झाले. २०१३ मध्ये डोल्युटेग्रावीर आले. आज आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या मुख्य गोळीत तेच असते.

ही पकड केवळ कल्पनेतली नाही. २०१० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी एचआयव्हीच्या एका नातेवाईक विषाणूचे इंटिग्रेज स्फटिकरूपात मिळवले, त्यावर क्ष-किरण सोडले आणि त्यांच्या विवर्तनावरून अणूंच्या जागा ठरवल्या. औषधाचा रेणू नेमका त्या दोन मॅग्नेशियम आयनांना धरून बसलेला दिसला. पुढच्या वर्षी डोल्युटेग्रावीरचेही असेच चित्र मिळाले. आम्ही पदार्थविज्ञानवाले वर्गात विवर्तनाची सूत्रे फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, याचा उपयोग काय?” हा घ्या उपयोग.

पोटातला घोटाळा

आता खरी गंमत. डोल्युटेग्रावीरचा सारा पराक्रम धातूचा आयन पकडण्यात आहे. पण ती नांगी पेशीत पोचल्यावरच उघडायची असे त्या रेणूला कोण सांगणार? गोळी आधी पोटात जाते. तेथे त्याच वेळी कॅल्शियमची, लोहाची किंवा मॅग्नेशियमची गोळी विरघळत असेल, तर औषध त्या आयनांनाच पकडते. असा बांधला गेलेला रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज पार होत नाही. तो आतड्यातून तसाच पुढे सरकतो आणि बाहेर टाकला जातो. विषाणूसाठी उगारलेली नांगी कॅल्शियमच्या गोळीवरच खर्ची पडते!

विहिरीच्या जड पाण्यात साबणाचे काय होते ते तुम्ही पाहिले आहे. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात, फेस येत नाही, नुसता चोथा तरंगतो. साबण वाया गेला तर आणखी घासता येतो. औषधाचे तसे नाही.

किती औषध वाया जाते? निरोगी स्वयंसेवकांना डोल्युटेग्रावीर देऊन त्यांच्या रक्तातील औषध वेळोवेळी मोजण्यात आले. एकटी गोळी घेतली असता रक्ताला जेवढे औषध मिळते ते १०० मानू. मग उपाशीपोटी, त्याच वेळी दुसरे काही घेतले तर असे आढळले:

खनिजे असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळीबरोबर ६७;
कॅल्शियम कार्बोनेट १२०० मिलिग्रॅमबरोबर ६१;
लोहाच्या (फेरस फ्यूमरेट ३२४ मिलिग्रॅम) गोळीबरोबर ४६;
अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेल्या आम्लनाशकाबरोबर अवघे २६!

म्हणजे पोटातली आग शमवण्यासाठी घेतलेल्या पांढऱ्या औषधाने गोळीचा पाऊण हिस्सा गिळला.

येथे एखादा चौकस विद्यार्थी उभा राहील आणि विचारील, “सर, हे धातूमुळेच झाले कशावरून? आम्लनाशकाने पोटातले आम्ल कमी केले म्हणूनही झाले असेल.” शाबास! विज्ञानात असाच प्रश्न विचारायचा असतो. त्याचे उत्तर आणखी एका चाचणीने मिळाले. ओमेप्राझोल नावाचे औषधही पोटातले आम्ल कमी करते, पण त्यात असा धातूंचा साठा नसतो. ते डोल्युटेग्रावीरबरोबर दिले तर रक्तातील औषधात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आम्ल निर्दोष सुटले. धातू पकडला गेला.

कूलोमचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. माझा विद्यार्थी म्हणाला होता की हे सारे प्रभारांचे आकर्षण आहे. ते किती खरे आहे ते पाहू.

आयनाचा प्रभार जितका जास्त आणि त्याचा आकार जितका लहान, तितके त्याचे ओढणे जोरकस. एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतील एक म्हणजे पिकोमीटर. या मापाने सोडियम आयनाची त्रिज्या १०२, कॅल्शियमची १००, मॅग्नेशियमची ७२ आणि अ‍ॅल्युमिनियमची सुमारे ५४ आहे. प्रभार अनुक्रमे १, २, २ आणि ३. आता प्रभाराला त्रिज्येने भागून १०० ने गुणा. सोडियमला सुमारे १, कॅल्शियमला २, मॅग्नेशियमला २.८ आणि अ‍ॅल्युमिनियमला ५.६ हे आकडे मिळतील.

सोडियम आणि कॅल्शियम आकाराने जवळजवळ सारखे आहेत हे तुमच्या लक्षात आले का? तरीही मिठातला सोडियम या भांडणात पडत नाही, कारण त्याच्याकडे प्रभार एकच आहे. अ‍ॅल्युमिनियम मात्र लहान आणि तिप्पट प्रभाराचा. आम्लनाशक इतके उपद्रवी का ठरले याचे एक कारण यात दिसते. एक कारण एवढ्यासाठी म्हणतो की त्या चाचण्यांतील धातूंच्या मात्रा सारख्या नव्हत्या. तेव्हा नुसत्या या आकड्यांवरून क्रम लावणे योग्य होणार नाही. शिवाय लोहाच्या बाबतीत हा साधा हिशेब पुरा पडत नाही. लोहाचा आकडा सुमारे २.६ येतो, मॅग्नेशियमपेक्षा थोडा कमीच. पण लोहाच्या आयनातील एक कक्षा इलेक्ट्रॉनांनी अर्धवट भरलेली असते. त्यामुळे त्याची पकड नुसत्या प्रभारावरून काढलेल्या अंदाजापेक्षा घट्ट होते. कूलोमचा नियम दारापर्यंत नेतो. पुढच्या खोलीत रसायनशास्त्राचा दिवा लावावा लागतो.

दुसरा हिशेब संख्येचा. डोल्युटेग्रावीरच्या गोळीत औषध ५० मिलिग्रॅम असते आणि त्याचा रेणुभार सुमारे ४१९ आहे. म्हणजे ते सुमारे ०.१२ मिलिमोल झाले. कॅल्शियम कार्बोनेटचा रेणुभार १००. म्हणून १२०० मिलिग्रॅम म्हणजे १२ मिलिमोल. भागाकार करा. औषधाच्या एका रेणूमागे कॅल्शियमचे शंभर आयन! एका वरामागे शंभर वऱ्हाडी लागावेत, तशी ही गर्दी. मग वर मांडवापर्यंत पोचणार कसा?

थोडे कमी झाले तर काय बिघडले?

बिघडते, मित्रहो. आणि या लेखाचे कारणही तेच आहे.

डोल्युटेग्रावीरचा रक्तातील अर्धायुकाल सुमारे १४ तास आहे. किरणोत्सारी द्रव्यांच्या धड्यात हा शब्द तुम्ही वाचला आहे. येथेही तोच हिशेब. आज रात्री रक्तात १०० भाग औषध असेल तर २४ तासांनी त्यातील सुमारे ३० भाग उरते, आणि तेवढे विषाणूला दाबून ठेवायला पुरते. पण सुरुवातच २६ भागांनी झाली तर दुसऱ्या रात्री सुमारे ८ भागच शिल्लक राहतील. (हा हिशेब मी सोपा करून मांडला आहे, पण त्याची दिशा बरोबर आहे.)

एचआयव्ही आपल्या प्रती काढताना फार चुका करतो. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. पण एखादी चूक अशी निघते की बदललेल्या विषाणूवर औषधाची पकड बसत नाही. औषध भरपूर असेल तर प्रतीच निघत नाहीत, मग चुकांना वाव कोठला? औषध अर्धवट असेल तर विषाणू वाढत राहतो आणि औषधाला न जुमानणारे तेवढे निवडले जातात. डोल्युटेग्रावीर या बाबतीत पुष्कळ खंबीर औषध आहे. तरी त्याला दिवसामागून दिवस उपाशी ठेवणे परवडणारे नाही. माणूस तर रोज न चुकता गोळी घेत असतो! त्याची चूक काहीच नसते. चूक असते ती घड्याळाची.

आणि ही गोळी सहजासहजी मिळालेली नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा साठा ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा जगाला धक्का बसला होता. कारण पाश्चात्त्य देशांत त्याला हजारो डॉलर पडत होते. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने हे उपचार मोफत देण्यास सुरुवात केली. प्रारंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतील सुमारे चार लाख महाराष्ट्रातील आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला आम्ही नागपूरकर नुसते ‘मेडिकल’ म्हणतो, तेथेही उपचार केंद्र आहे. बहुतेक प्रौढांना आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रावीर यांची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. नियमाने ती घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. म्हातारा होतो म्हणूनच त्याचे गुडघे दुखतात आणि कॅल्शियमची गोळी घरात येते!

घड्याळ आणि ताट

यावर उपाय काय? दोन्ही पक्ष चांगले असले म्हणजे भांडण सोडवणे सोपे असते. त्यांची गाठ पडू द्यायची नाही. कॅल्शियम, लोह किंवा आम्लनाशक घेण्याच्या दोन तास आधी डोल्युटेग्रावीर घ्यावे, नाहीतर ते घेतल्यावर सहा तासांनी घ्यावे, असा नियम आहे.

आधी दोनच तास आणि नंतर सहा तास, असा पंक्तिप्रपंच का? नीट विचार केला तर कळेल. औषध आधी गेले तर दोन तासांत त्याचा बराचसा भाग रक्तात पोचलेला असतो. मागून धातू आला तरी त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या बाबतीत दोन तास आधी घेतलेल्या औषधाला जवळजवळ काहीच तोटा झाला नाही. आम्लनाशकाच्या बाबतीत ७४ भाग मिळाले. उलट धातू आधी गेला, तर तो आतड्यात बराच वेळ रेंगाळतो. त्याची पाठ फिरेपर्यंत थांबावे लागते.

दुसरा उपाय ताटातला आहे. जेवणाबरोबर घेतले तर डोल्युटेग्रावीर आणि कॅल्शियम किंवा लोह एकाच वेळी घेता येतात. मोजणी केली तेव्हा जेवणासह एकत्र घेतलेल्या औषधाची रक्तातील मात्रा, उपाशीपोटी एकट्या घेतलेल्या औषधाइतकीच भरली. मात्र ही सवलत कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाच आहे. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या आम्लनाशकाला ती लागू नाही. तेथे घड्याळच पाहावे लागते.

एक कठीण उदाहरण घेऊ. एचआयव्हीसह जगणारी एखादी ताई गरोदर आहे. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून तिची रोजची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. त्याच वेळी सरकारी दवाखान्यातून तिला रोज लोहाची एक गोळी आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्याही मिळतात. या दोन धातूंचेही आपसात पटत नाही. कॅल्शियम लोहाच्या वाटेत येते. म्हणजे गोळ्या चार आणि भांडणे तीन! आता सोडवा. सकाळच्या न्याहारीनंतर कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम आणि रात्रीच्या जेवणाबरोबर रोजची गोळी व लोह एकत्र. एकही गोळी बंद न करता चारही कामाला लागल्या. हे वेळापत्रक अर्थात प्रत्येकीच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. पण ते ठरवता येते हे ठाऊक असले, म्हणजे घाबरून मनानेच एखादी गोळी बंद करण्याचा धोका टळतो.

हे भांडण एचआयव्हीच्या औषधापुरतेच आहे असेही समजू नका. टेट्रासायक्लिन हे जुने प्रतिजैविक दुधाबरोबर घेऊ नये असे सांगतात ते दुधातील कॅल्शियममुळे. लहान मुलांच्या दातांवर ते डाग पाडते तेही कॅल्शियमशी बांधले जाऊनच. सिप्रोफ्लॉक्सासिनचेही तसेच. तुमच्या घरात कोणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेत असेल, तर तिच्यात आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवतात.

शाळेतली निळी गोळी

आता थोडे शिक्षकांशी, आणि तुमच्याशीही. शाळेत आठवड्यातून एकदा तुम्हाला निळी गोळी मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. रक्तक्षय टाळण्यासाठी ती उपयोगाची आहे. ती जरूर घ्या, आणि चहाबरोबर घेऊ नका.

तुमच्याच वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी जन्मापासून एचआयव्हीसह वाढत असेल. ते तुम्हाला ठाऊक नसेल आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. एका बाकावर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, हातात हात घेऊन खेळल्याने हा विषाणू पसरत नाही. त्या मुलाला सगळ्यांबरोबर निळी गोळी घेता येईल का? हिशेब करा. दुपारी एक वाजता डबा खाल्ल्यावर निळी गोळी घेतली. सहा तास मिळवले की सात वाजतात. त्याची स्वतःची गोळी रात्री नऊला असेल तर काहीच अडचण नाही. त्याने वर्गात हात वर करून काही सांगण्याची गरज नाही.

पण एखाद्या मुलाची गोळी दुपारचीच असू शकते. म्हणून एखादा विद्यार्थी “मी ही गोळी घरी घेईन, सर” असे म्हणाला, तर चारचौघांत कारण विचारू नये. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे आणि शिक्षणात वा नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. इतवारीतल्या माझ्या विद्यार्थ्याने त्या काकूंना गोळीचे नाव विचारले नाही. “दुसरी कोणती गोळी सुरू आहे काय?” एवढ्या एका प्रश्नात त्याचे काम झाले. त्याने शास्त्र पाळले आणि माणुसकीही.

चार-सहा दिवसांनी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. मला पाहून तो म्हणाला, “सर, काकू येऊन गेल्या. दवाखान्यातून वेळा लिहून आणल्या त्यांनी. आता कॅल्शियम सकाळी घेतात.” मी विचारले, “आणि ती पांढरी बाटली?” तो म्हणाला, “ती परत करून गेल्या न. डॉक्टरनं दुसरं औषध दिलं.” मी मनात म्हटले, कूलोमचा नियम याला चांगला समजला आहे.

करून पहा, विचार करा

१. दोन पेल्यांत दूध न घातलेला चहा घ्या. एकात हिराकसाचा बारीक खडा टाका, दुसरा तसाच ठेवा. रंगातील फरक नोंदवा. (हा चहा पिऊ नका, प्रयोगानंतर ओतून टाका आणि हात धुवा.)

२. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आहे आणि लोहाचा अणुभार ५६ आहे. डोल्युटेग्रावीरच्या एका रेणूमागे लोहाचे किती आयन येतील?

३. एक आजोबा कॅल्शियमच्या गोळ्या सकाळी ८ आणि दुपारी २ वाजता घेतात. त्यांना डोल्युटेग्रावीर उपाशीपोटी घ्यायचे असेल तर ते संध्याकाळी लवकरात लवकर किती वाजता घेता येईल?

(उत्तरे: २. सुमारे ९. ३. रात्री ८ वाजता.)